नानांचं ‘नंतर’ आणि खंडेनवमीचं लाल पान

भोसरीतल्या एका गिऱ्हाइकानं मला एकदा विचारलं होतं, "ताई, वेबसाइटला कुलूप लावलंय म्हणता, मग दिसत का नाही?" तेव्हा ब्राउझरमध्ये पत्त्याच्या शेजारी मुगाएवढं कुलूप दिसायचं, ते मी त्याला बोट ठेवून दाखवलं. त्याचं काही समाधान होईना. "एवढुसं? अहो, गोडाऊनला आम्ही ह्याच्या दसपट लावतो. मोठं लावा. पितळी दिसलं पाहिजे." शेवटी मी त्याच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर तळहाताएवढं पितळी कुलूप काढून दिलं. ह्या चित्राचा सुरक्षिततेशी काडीचा संबंध नाही, हे त्याला दोनदा समजावलं. तर म्हणतो कसा, "असू द्या हो, चोराला कुठं ठाऊक आहे!"

माझा धंदा हा असा. सांगवीत घर, आणि भोसरीपासून चाकणपर्यंतच्या शॉपांच्या वेबसाइटी करायच्या नि सांभाळायच्या. शॉप म्हणजे दुकान नव्हे. आमच्याकडे दोन-चार मशिनं टाकलेल्या पत्र्याच्या शेडला शॉप म्हणतात. स्प्रिंगवाले, रबरवाले, टर्निंगवाले, प्रेसवाले. पूर्वी मी ह्या लोकांची व्हिजिटिंग कार्डं आणि चलनबुकं छापून द्यायची. मग त्यांनीच मला पुढं ढकललं. "कार्ड तुम्ही केलं, आता वेबसाइट पण तुम्हीच करा की!" लाडू वळता येतात म्हणजे लग्नाचा स्वयंपाकही येतोच, अशातला प्रकार. पण शिकले. पोरांच्या वयाच्या मुलांसमोर बाकावर बसून शिकले. आता साठी उलटली तरी हात चालतोय, आणि तोंड त्याहून जास्त चालतंय, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे.

लोक विचारतात, साध्या वेबसाइटला कुलूप हवंच कशाला? बँक असेल तर ठीक, आमच्या स्प्रिंगांत चोरण्यासारखं काय आहे? त्यांना मी शिंदेंची गोष्ट सांगते. शिंदे स्प्रिंगा बनवतात. मोठा सालस माणूस, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. एक दिवस त्यांचा फोन आला तो थेट टिपेत. "मॅडम, माझ्या वेबसाइटवर बाई आहे!" मी म्हटलं, "कोण बाई?" "पत्ते घेऊन बसलेली बाई! रमी खेळा म्हणतीये! आणि समोर माझी पार्टी बसलीये, कोइमतूरची!"

झालं होतं असं. चाकणच्या एका हॉटेलात शिंदे पार्टीला, म्हणजे बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला, जेवायला घेऊन गेले, तिथल्या फुकटच्या वायफायवर स्वतःची वेबसाइट उघडून दाखवायला लागले, आणि दोन स्प्रिंगांच्या मधोमध ही बाई. मी माझ्या घरून बघितलं तर पान स्वच्छ. बाई बसवली होती वाटेत, त्या वायफायवाल्यानं. कुलूप नसलेली वेबसाइट म्हणजे उघड्या डब्यातून पाठवलेली भाजी. वाटेत कोणीही वाकून बघणार, आणि मनात आलं तर वर चमचाभर तिखटही टाकणार. आपल्या भाजीत चोरण्यासारखं काही नसेल हो, पण त्यात दुसऱ्यानं काय घातलं ह्याला जबाबदार कोण? खाणारा शिव्या देणार तो आपल्यालाच. शिंदेंच्या पार्टीनं जाता जाता "साइड बिझनेस का?" असं विचारलं, ते शिंदेंना आजतागायत झोंबतंय.

म्हणून कुलूप. तुमचा फोन आणि वेबसाइट ह्यांच्यातलं सगळं बोलणं गुप्त भाषेत चालतं, वाटेतल्याला ते वाचता येत नाही की बदलता येत नाही. त्यासाठी वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र लागतं, त्याला मुदत असते, आणि मुदत संपण्याआधी ते नवं घ्यावं लागतं.

पण ह्यातही एक फट आहे. माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा बिनकुलपाच्या वाटेनंच दारापर्यंत येतो. दारात त्याला सांगतात, "बाबा, इथून पुढं कुलूपवाल्या वाटेनं ये." चाकणच्या कंपनीत नाही का, गेटवर बोर्ड असतो, ‘सेफ्टी शूजशिवाय आत प्रवेश नाही’. पण गेटपर्यंत तर तुम्ही चपलेवरच आलात ना? रस्त्यात खिळा लागायचा तो लागलाच. तर ब्राउझर बनवणाऱ्या लोकांनी एक यादीच करून प्रत्येक ब्राउझरच्या पोटात घालून ठेवली. ह्या यादीतल्या नावांकडे जायचं तर घरातूनच शूज घालून निघायचं, पहिल्या खेपेपासून. आणि काही नावांची तर शेपटीच्या शेपटी त्या यादीत आहे. डॉट अ‍ॅप, डॉट डेव्ह अशी शेपटी असलेलं कुठलंही नाव घ्या, बिनकुलपाचं उघडणारच नाही. त्यातली मुख्य गंमत वेगळीच आहे. एरवी प्रमाणपत्रात काही गडबड असली की ब्राउझर लाल पान दाखवतो, पण खाली बारीक अक्षरात ‘तरीही पुढे जा’ अशी पळवाट ठेवतो. आपली माणसं ती बरोबर शोधून काढतात. ह्या नावांना ती पळवाटच नाही. ना मला, ना तुम्हाला, ना मालकाला.

हे सगळं मी एवढं कौतुकानं सांगतेय खरं, पण ह्याच गोष्टीनं एका खंडेनवमीला माझ्या तोंडचं पाणी पळवलं होतं. ती हकीगत नानांची.

नाना मूळचे चाकणच्या अलीकडच्या गावातले. स्वतःच्या जागेवर शेड टाकून त्यांनी प्रेस शॉप उभं केलं. पत्रा दाबून गाड्यांचे ब्रॅकेट बनवतात. पांढरी टोपी, खिशात कायम एक छोटा पाना, आणि एक ठरलेलं वाक्य: "माझ्या शॉपात मला इचारल्याबिगर पाना हलत न्हाई." मुलगा एका कंपनीत पर्मनंट लागलेला, त्याला शॉपमध्ये रस नाही. रस होता तो सुनेला. रेश्मा लातूरकडची, डिप्लोमा केलेली, आणि अंगात नुसता उत्साह. नानांची वेबसाइट हे तिचंच खूळ. डॉट कॉमवालं नाव कोणीतरी परदेशी माणूस आधीच घेऊन बसला होता, म्हणून आम्ही डॉट अ‍ॅप घेतलं. नाना महिनाभर कुरकुरत होते. "समद्यांचं डॉट कॉम आसतंय, आपलंच ह्ये कसलं?" मी त्यांना शूजची गोष्ट सांगितली, तेव्हा कुठं त्यांना ते पटलं. "म्हंजी कुनाची वशिलेबाजी चालत न्हाई म्हन की. मंग चांगलं हाय."

प्रमाणपत्र नवं घ्यायचं काम एरवी आपोआप होतं, कोणाला कळतही नाही. पण नानांच्या शॉपमध्ये आपोआप? छे! त्यांची अटच होती, शॉपच्या कॉम्प्युटरवरून व्हायचं आणि त्यांना विचारून व्हायचं. मग मी तशी सोय करून दिली. मुदत जवळ आली की रोज सकाळी कॉम्प्युटरवर एक खिडकी उघडायची: ‘नवीन प्रमाणपत्र बसवायचे का?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नंतर’. नाना एका बोटानं ‘हो’ दाबायचे आणि दिवसभर खुशीत असायचे.

त्या वर्षी मात्र शॉपची हवा बिघडली होती. कामं रोडावलेली. एक गोडाऊनवाला शेड भाड्यानं मागत होता, बिनकटकटीचं भाडं. नानांचं मन डळमळलं. रेश्मानं पायपीट करून एका मोठ्या कंपनीकडून ट्रायल लॉट मिळवला होता, म्हणजे नमुन्यादाखल पहिली खेप. नानांनी तिला सरळ सांगितलं, "लॉट कंपनीच्या आत गेला तर शॉप चालू ठिवतो. माघारी आला तर दसऱ्याला त्या गोडाऊनवाल्याचा बयाणा घेतो. मंग रडायचं न्हाई." रेश्मा म्हणाली, "चालतंय." हे मला तिनंच सांगितलं, आणि सांगताना हसत होती, पण हाताची बोटं सारखी ओढणीशी चाळा करत होती.

खंडेनवमीला आमच्या भागात काय असतं हे बाहेरच्यांना सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अख्खी एमआयडीसी आंघोळ करते. मशिनं धुऊन पुसून, तेल घालून, हळदीकुंकू लावून, झेंडूचे हार घालून बसवतात. जेसीबीच्या दातांना हार, टेम्पोच्या आरशांना हार. एकदा पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही, ते दसऱ्यापर्यंत. त्याची विश्रांती. आमचे हे टूलरूममधून रिटायर झालेत, पण ही सवय गेलेली नाही. त्या दिवशी मी आंघोळ करून येते तो माझ्या लॅपटॉपवर झेंडूचा हार, आणि कीबोर्डच्या फटीफटीत अक्षता! "अहो, हे काय केलंत?" तर म्हणतात, "हत्यार आहे ना तुझं? आज तुला पण सुट्टी." मी काडेपेटीतल्या काडीनं तांदळाचे दाणे काढत बसले होते तेवढ्यात फोन वाजला. रेश्मा.

"ताई, लाल पान येतंय ओ!"

हळूहळू उलगडलं. लॉट घेऊन सलीमभाई कंपनीच्या गेटवर उभे होते. सलीमभाई म्हणजे चाकणचे टेम्पोवाले, नानांचा माल पहिल्यापासून तेच पोचवतात. प्रत्येक खोक्यावर ठिपक्यांचा चौकोनी कोड होता. फोननं तो स्कॅन केला की नानांच्या वेबसाइटवर त्या खोक्याचा तपासणी रिपोर्ट उघडतो. ही रेश्माचीच कल्पना, आणि कंपनीला तीच आवडली होती. इतकी की त्यांनी नियमच केला, कोड स्कॅन होऊन रिपोर्ट दिसला तरच माल आत. क्वालिटीच्या साहेबांनी स्कॅन केला, तर लाल पान. ट्रायलची मुदत त्याच दिवशी संपत होती, आणि दुपारी कंपनीत पूजा, म्हणजे त्याआधी गेट बंद.

"रेश्मा, नानांनी नवीन प्रमाणपत्राला ‘हो’ केलं नव्हतं का? मी दोनदा फोन केला होता. दाबतो म्हणाले होते."

"दाबतो म्हणाले, ताई. कधी ते नाही म्हणाले." मग ती पहिल्यापासून सांगायला लागली. "खिडकी पहिल्यांदा आली तेव्हा गणपती होते. नाना म्हणाले, घरात देव बसलेत, नंतर. मग पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवीन काही घ्यायचं नाही, म्हणून नंतर. मग घट बसले. म्हणाले, आता एवढं थांबलोच आहोत तर दसऱ्याच्या मुहूर्तावर दाबू."

मी कपाळावर हात मारला. हळद लागलेला हात, तो कपाळाला उमटला तो वेगळाच. जगात लाखो प्रमाणपत्रांची मुदत संपत असेल. कुणाची विसरून, कुणाची आळसानं. पितृपक्ष आडवा आला म्हणून संपलेलं हे बहुधा पहिलंच असावं. आणि मुहूर्त एका दिवसानं हुकलेला!

"ताई, आजच्यापुरतं कुलूप काढून ठेवा ना," रेश्मा म्हणाली. "साहेब चांगले आहेत, ते पुढे जा म्हणून दाबायला तयार आहेत. पण ते बटणच येत नाहीये."

"येणारच नाही. ते कुलूप माझ्याकडे नाहीच ग बाई. ते साहेबांच्या फोनच्या पोटात आहे, माझ्या, तुझ्या, सगळ्यांच्या. डॉट अ‍ॅप दिसलं की फोन म्हणणार, ओळख पटली तरच आत."

"मग तुम्ही घरून करा ना नवीन."

"करते की. पण त्याचा ओटीपी कुणाच्या फोनवर येणार?"

ओटीपी नानांच्या फोनवर. त्यासोबत लागणारी प्रमाणपत्राची किल्ली नानांच्या कॉम्प्युटरवर. जिकडून जावं तिकडून वाट नानांपाशीच येत होती.

"नानांना सांगितलंस?"

"कॉम्प्युटरची पूजा झालीये, ताई. हात लावू देत नाहीत. तुम्ही या. तुमचं ऐकतात ते."

माझं कोण ऐकतंय! पण स्कूटर काढली. तिलाही हार घातलेला होता. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, सगळीकडे रस्त्यावर झेंडूचे ढीग आणि त्यांच्या कडेकडेनं वाकडीतिकडी वाहनं. मोशीच्या पुलापाशी ट्रक आडवा झालेला. मी हॉर्न वाजवते तर पुढचा रिक्षावाला वळून म्हणतो, "मावशी, सणासुदीला कशाला घाई करताय?" मी म्हटलं, "भावा, एका सुनेचं शॉप चाललंय!" त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यानं रिक्षा अगदी कडेला घेतली आणि मला वाट दिली.

शॉपमध्ये शिरले तर असं प्रसन्न वाटलं की भांडायला आलोय हेच क्षणभर विसरले. प्रेस मशिनं धुतलेली, चकचकीत, हारांनी झाकलेली. उदबत्तीचा वास. ऑफिसात कॉम्प्युटरला हार, कुंकवाची पाच बोटं, पुढं फोडलेला नारळ. आणि शेजारच्या खुर्चीत नाना, टोपी सरळ करून, पहाऱ्याला बसल्यासारखे. रेश्मा दारात उभी. डोळे लाल.

"या ताई. परसाद घ्या," नाना म्हणाले.

"प्रसाद नंतर घेते. आधी ते बटण दाबा, नाना."

"आज न्हाई. आज हत्याराला हात लावायचा न्हाई, ह्ये माझ्या बानं सांगितलंय. आमच्यात इळा-कोयता व्हता तवापास्नं पाळतोय आमी."

"अहो, नुसतं बटण तर दाबायचंय!"

"प्रेसचंबी बटनच आसतंय, ताई."

तेवढ्यात सलीमभाईंचा फोन आला, रेश्मानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "अरे बाबा, मी साहेबांना चहा पाजला, दुसरा चहा पाजला, आता तिसरा पाजला तर ते दवाखान्यात जातील! गेटवर सत्यनारायणाचे पाट मांडायला लागले. नाना, काय करू? माघारी वळू?"

रेश्मानं मशिनांकडे बघितलं, एकेका मशिनाकडे, आणि मला तिथंच रडू आलं. ह्या हारातच ही मशिनं विकायला निघणार, असं मनात येऊन गेलं. राग पण आला, नानांचा आला, त्या कंपनीचा आला, आणि खरं सांगते, त्या आडमुठ्या डॉट अ‍ॅपचाही आला. एक पळवाट ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

"सलीम, थांब जरा," नाना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, त्या परमाणपत्रात हाय तरी काय आसं? कागुद संपला तर मालाचं काय बिघाडलं? ब्रॅकेट तर त्येच हाय."

"माल चोख आहे, नाना. पण साहेबांचा फोन आधी विचारतो, हे शॉप खरंच नानांचं आहे का? त्याला उत्तर म्हणून तो कागद दाखवायचा असतो. आपला कागद काल रात्री संपला. फोन विचारतोय, आणि आपल्याकडून ओळख द्यायला कोणी नाही."

"म्हंजी माझ्या नावानं दुसरं कुनीबी हुबं ऱ्हाऊ शकतंय?"

"म्हणून तर फोन कोणालाच आत सोडत नाही. तुमच्या नावाला जपतोय तो."

नाना उठले. मला वाटलं, चिडून बाहेर निघाले. ते शेडच्या दाराशी गेले आणि वर पाटीकडे बघत उभे राहिले. पत्र्याची पाटी, सकाळीच स्वतः शिडी लावून पुसलेली, तिच्यावर आंब्याच्या पानांचं तोरण. परत आले ते पुटपुटतच.

"ही पाटी पुसली. हिला तोरण बांधलं. आन तिकडली पाटी उतरून पडलीया, त्याचं ध्यानच न्हाई मला." ते रेश्माकडे बघून म्हणाले, "खंडेनवमीला शॉपला पाटी न्हाई, ह्ये काय बरं न्हवं. पाटी लावनं म्हंजी हत्यार चालवनं न्हवं. व्हय का न्हाई, ताई?"

"व्हय, नाना! शंभर वेळा व्हय!" माझ्या तोंडून त्यांचीच बोली बाहेर पडली.

नानांनी दोन्ही हातांनी कॉम्प्युटरवरचा हार उतरवला, ताटात ठेवला, पडद्याला हात जोडले आणि म्हणाले, "मापी आसावी." रेश्मानं कॉम्प्युटर चालू केला. तो सुरू व्हायला एवढा वेळ घेत होता की मी त्याला मनातल्या मनात काय काय ऐकवलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. शेवटी खिडकी आली. नानांनी पान्यानं काळं झालेलं बोट ‘हो’वर ठेवलं आणि असं दाबलं की जणू खरंच पत्रा दाबायचाय.

थोडा वेळ गेला. रेश्मा फोनमध्ये म्हणाली, "सलीमचाचा, आता स्कॅन करा." पलीकडून नुसते आवाज. कोणीतरी पाट सरकवतंय, घंटा वाजतेय. मग सलीमभाई ओरडले, "खुल गया! खुल गया! रिपोर्ट दिसतोय! ए, गेट बंद करू नको रे, पाट बाजूला घे, माझा टेम्पो आत जातोय!"

रेश्मा मटकन खुर्चीत बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. नाना गोंधळले. "आता रडती कशापाई? लॉट तर गेला आत. तोंड पूस. ताईंना परसाद दे, कवाच्या उपाशी आल्यात." आणि मग पाठ फिरवून स्वतःच टोपीनं डोळे पुसले. मी बघितलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, नाना आणि रेश्मा आमच्या घरी सोनं द्यायला आले. गोडाऊनवाला सकाळी येऊन हात हलवत परत गेला होता. रेश्मानं क्वालिटीच्या साहेबांचा निरोपही सांगितला. ते सलीमभाईंना म्हणाले होते, "आजवर प्रत्येक वेबसाइटला मी ‘पुढे जा’ करून आत शिरलोय. मला दारात थांबवणारे तुम्हीच पहिले. हे लोक मालालाही असेच कडक असतील, तर चांगलंच आहे." हे ऐकून नानांची छाती अशी फुगली की आमच्या ह्यांनी त्यांना दुसरा लाडू वाढला. आणि मी? आदल्या दिवशी ज्या आडमुठेपणाला शिव्या घातल्या त्याचंच श्रेय हसून घेतलं. धंदा म्हटलं की एवढं चालतं.

जाताना नाना दारात थांबले. आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "ताई, ती खिडकी हाय न्हवं, ती आता मला नगं. हिला इचारत जावा." त्यांनी रेश्माकडे मान हलवली. रेश्मा पायात चप्पल घालता घालता तशीच वाकून राहिली. कितीतरी वेळ तिला ती चप्पल सापडतच नव्हती.

मी ती खिडकी रेश्माच्या नावावर केली. पुढं हिवाळ्यात मुदत जवळ आली तेव्हा तिचा फोन आला.

"ताई, विचारतंय. नवीन प्रमाणपत्र बसवायचं का?"

"मग दाब की ‘हो’."

"दाबते. पण ताई..." ती घुटमळली, आवाज खाली आणला. "आज अमावस्या आहे ओ. नाना इथंच बसलेत."

मी काही बोलणार तेवढ्यात मागून प्रेसच्या धडधडीवर चढलेला नानांचा आवाज आला, "आगं, व्हय म्हन, व्हय म्हन! पंचांग मागनं बघू!"